मदत हवी आहे : माहितीपटाला मराठी सबटायटल

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण नाशकात गंगापूर रोडवर मित्राच्या हॉलमध्ये चाळीसेक लोकांना माहितीपट दाखवतो. या वेळचा आहे ऑगस्ट २००८ च्या रशिया-जॉर्जिया युद्धात सापडलेल्या साध्या माणसांवर. लढाई जेमतेम पाच दिवसांची. पण तेवढ्यात जॉर्जियातून फुटून निघालेल्या दक्षिण ओसेशियाच्या राजधानीवर, त्स्खिनवालीवर, जॉर्जियाच्या ग्राद रॉकेटांचा मारा झाला, जॉर्जियातल्या गोरी शहरावर रशियन विमानांनी बॉम्ब टाकले, दक्षिण ओसेशियातली जॉर्जियन गावं जाळली गेली. तिथले हजारो लोक अजून घरी परतलेले नाहीत.

दिग्दर्शकाची परवानगी आली, अडलंय ते सबटायटलपाशी. इंग्रजीवरून मराठी मीच करतेय. एक आजी तळघरात लोणच्याच्या बरण्यांमध्ये बसून भरभर बोलतात. त्या दोन सेकंदांत बोलतात ते माझ्याकडे तीन ओळी होतं! त्यातून पेन ड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावला की जोडाक्षरं फुटतात, 'युद्ध' वाचताच येत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह केलीय, लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं. अक्षरं व्हिडिओतच पक्की बसवून टाकू का? कुणी केलंय का हे? कुठल्या सॉफ्टवेअरवर?

आणि देवळालीत तोफखान्यातून निवृत्त झालेले कुणी काका ओळखीचे असतील तर सांगा ना. 'शेलिंग'ला तोफमारा लिहू की गोळाबार, यावर घरी दोन दिवस वाद चाललाय. 'क्लस्टर बॉम्ब' मात्र तसाच ठेवतेय.

पुढच्या रविवारी संध्याकाळी दाखवायचाय. मदत करणाऱ्याला पहिल्या रांगेत खुर्ची आणि चहा.