कारवान जातीच्या कुत्र्याच्या फासळ्या दिसतात, खाणं कमी पडते का?

पऱ्हाटीवाला (दारव्हा):
दोन महिन्याआधी सोलापूरकडच्या पाहुण्यानं कारवान दिला, आता आठ महिन्याचा हाय. दोन टाइम ज्वारीची भाकर, ताक, एक अंडं देतो, तरी फासळ्या मोजून घ्या अशा दिसतात. येणारा-जाणारा विचारते, उपाशी ठेवतोस का म्हणून, काल तं आईनं आपल्या ताटातली अर्धी भाकर त्याले टाकली. आन् वावरात रोही (नीलगाय), रानडुकरं लय येतात, रात्री पिकाच्या जागलीले सोबत नेला तं चालन का?

आर्वीकर:
भाऊ, कारवान म्हणजेच मुधोळ, याची ठेवणच तशी असते, छाती खोल, पोट आत गेलेलं, मागच्या दोन-तीन फासळ्या तं दिसतातच. पाठीवरून हात फिरवून पाहा, कणा आन् कमरेची हाडं टोकदार लागली तरच काळजीचं, मंग जंताचं औषध कधी दिलं ते आठवा. नुसती भाकर वाढवू नका, वाढतं पिल्लू हाय, अंडी, उकडलेलं चिकन वाढवा पण हाडं काढून, शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुतते. खाल्ल्याबरोबर पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटाले पीळ पडू शकते अन् त्यात जीव जाते.

बिजलीचा मालक:
जागलीले मोकळा नेऊ नका, हात जोडून सांगतो. हा नजरेवर शिकार करणारा कुत्रा, काही पळताना दिसलं की सुटलाच, मंग हाक कानावर जात नाही. माही बिजली अशीच तुरीत डुकरामागं घुसली, परत आली तं मांडीचं कातडं लोंबत होतं, तरी शेपटी हालवत माह्या पायाशी येऊन बसली. टाके घालाले भूल दिली तं शुद्धीवर यायले संध्याकाळ झाली. या कुत्र्याच्या अंगात चरबी कमी, काही भुलीची औषधं लवकर उतरत नाहीत, म्हणून डॉक्टरले जात आधीच सांगा, मले कोणी सांगितलं नव्हतं. आन् सशामागं सोडायचा नादही नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा हाय. पळवायचा तं तारेचं कंपाउंड असलेल्या मोकळ्या वावरात पळवा, रोज पळणं पाहिजेच त्याले, साखळीवर बांधून ठेवला तं झुरते.

आर्वीकर:
उन्हाळ्यात सूर्य निघायच्या आधीच फिरवा, आन् कानात, बोटांच्या मधात गोचीड रोज पाहा. ताप येऊन जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तं त्याच दिवशी रक्त तपासा.

पऱ्हाटीवाला:
आत्ताच हात फिरवून पाहिला, कणा टोचत नाही, पाठ भरलेली लागते. जंताचं औषध मात्र आणल्यापासून एकदाही दिलं नाही, उद्या बाजाराचा दिवस हाय, दवाखान्यात घेऊनच जातो. जागलीले मी अन् टॉर्चच बरा.