मदत हवी आहे : आंबा बागायतदारांसाठी स्वतंत्र मोबाइल अ‍ॅप करावे की वेबवरच काम भागवावे?

नमस्कार.

देवगड तालुक्यातील आमच्या पंचक्रोशीतले काही बागायतदार येत्या हंगामापासून हापूसच्या पेट्यांची नोंद आणि ग्राहकांना थेट विक्री एकत्रितपणे करणार आहेत. त्यासाठी लागणाऱ्या प्रणालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. मला वेब प्रोग्रॅमिंगचा अनुभव आहे, मात्र अँड्रॉइड किंवा आयफोनसाठी स्वतंत्र अ‍ॅप मी आजवर लिहिलेले नाही. मार्चमध्ये काढणी सुरू झाली की कोणालाही नवे काही शिकायला उसंत नसते. त्यामुळे झाडे मोहोरावर येण्यापूर्वीच मार्ग ठरवून कामाला लागणे भाग आहे. जाणकारांनी कृपया खालील परिस्थिती वाचून मार्गदर्शन करावे.

ग्राहकांच्या बाजूबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही. मुंबई-पुण्याचा ग्राहक वर्षातून दोन-तीन वेळा पेटी मागवतो आणि तेवढ्यासाठी तो अ‍ॅप उतरवून घेणार नाही, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून थेट मागणी नोंदवता आली पाहिजे. मिंत्रासारख्या मोठ्या कंपनीने मे २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद करून केवळ अ‍ॅपवर भिस्त ठेवली होती आणि पुढच्याच वर्षी तिला संकेतस्थळ पुन्हा सुरू करावे लागले. त्याच २०१५ च्या नोव्हेंबरात फ्लिपकार्टने मोबाइल ब्राउझरसाठी ‘फ्लिपकार्ट लाइट’ आणले. रोज खरेदी करणारे ग्राहक असलेल्यांची ही स्थिती असेल, तर तीन महिन्यांच्या हंगामावर चालणाऱ्या आमच्या विक्रीसाठी वेब हाच योग्य मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न आहे तो बागायतदारांच्या बाजूचा. काढणी झाल्यावर आंबा वजनाप्रमाणे वेगळा केला जातो आणि पेट्या भरल्या जातात. त्या वेळी प्रत्येक पेटीवर क्यूआर चिकटवून कोणत्या बागेतला माल, कोणत्या तारखेची काढणी, कोणता वजनगट आणि एक फोटो एवढी नोंद व्हावी, अशी कल्पना आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेरून आलेला आंबा ‘देवगड’ लिहिलेल्या पेटीत घालून विकणे थांबलेले नाही. पेटी नेमकी कोणत्या बागेतून आली, हे ग्राहकाला स्वतःच्या फोनवर पाहता यावे, हा या खटाटोपाचा मूळ हेतू आहे. म्हणून एकही नोंद गहाळ होऊन चालणार नाही.

कातळावरच्या बागांमध्ये मोबाइलची रेंज बऱ्यापैकी मिळते, परंतु व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेच्या आणि उतारावरच्या बागांमध्ये ती जवळजवळ नसते. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला की वीज जाते आणि काही वेळा तिच्यापाठोपाठ टॉवरही बंद पडतो. म्हणजे नोंद रेंज नसताना फोनमध्ये साठली पाहिजे आणि घरी किंवा रस्त्यावर आल्यावर आपोआप सर्व्हरवर गेली पाहिजे. फोन बहुतेकांकडे स्वस्त अँड्रॉइडचे आहेत, त्यांची जागा फोटो-व्हिडिओंनी भरलेली असते. दोन-तीन घरांत तरुण मुलांकडे आयफोन आहेत. काम करणाऱ्यांच्या बोटांना आंब्याचा चीक लागलेला असतो आणि स्क्रीनवर ऊन असते, त्यामुळे मोठी बटणे, ठळक अक्षरे आणि कमीत कमी टंकलेखन आवश्यक आहे. हा भाग वेबवरही अ‍ॅपइतकाच चांगला साधता येतो, असे मला वाटते.

प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅपचा, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणाऱ्या पण अ‍ॅपसारख्या वापरता येणाऱ्या संकेतस्थळाचा, मी अभ्यास केला आहे. सर्व्हिस वर्करमुळे (ब्राउझर पार्श्वभूमीत चालवतो त्या छोट्या प्रोग्रॅममुळे) पाने रेंजशिवाय उघडतात, नोंदी आणि फोटो इंडेक्स्डडीबीमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या अंतर्गत साठ्यात, ठेवता येतात, होम स्क्रीनवर चिन्ह येते आणि पत्त्याची पट्टी दिसेनाशी होते. क्रोममधील बॅकग्राउंड सिंकमुळे पान बंद असले तरी रेंज येताच साठलेली नोंद पाठवता येते, मात्र मोठ्या फोटोंसाठी त्याला मिळणारा वेळ मर्यादित असतो. आयफोनच्या सफारीत ही सोय नाही. तेथे वापरकर्त्याने पुन्हा अ‍ॅप उघडल्यावरच नोंदी जातील. आयफोनवर होम स्क्रीनवर चिन्ह आणण्यासाठी ‘शेअर’च्या यादीत जावे लागते आणि तसे केल्यावरच आयओएस १६.४ पासून सूचना पाठवता येतात. खाली ओढल्यावर पान नव्याने उघडून भरलेला अर्ज पुसला जाणे, मागे जाण्याचे बटण दाबताच थेट बाहेर पडणे, असे लहान अडथळेही आहेत, पण ते सीएसएसने (पानाच्या मांडणीच्या भाषेने) आणि थोड्या काळजीने दूर करता येतात.

माझी खरी चिंता साठवणीची आहे. फोनमधील जागा संपत आली की ब्राउझर संकेतस्थळांचा साठा स्वतःहून काढून टाकू शकतो. साठा कायम ठेवण्याची विनंती करता येते, पण ती मान्य करायची की नाही हे क्रोम स्वतःच्या निकषांवर ठरवतो. आयफोनवर होम स्क्रीनवर न आणता नुसत्या सफारीत वापरले आणि सफारीच्या वापराचे सात दिवस त्या संकेतस्थळाला हात लावला नाही, तर तेथील साठा पुसला जातो. याहून मोठा धोका म्हणजे फोन मंद झाला म्हणून घरातले कोणीतरी ब्राउझरचा सगळा डेटा साफ करते. त्यासोबत न पाठवलेल्या नोंदीही जातात आणि तोपर्यंत पेटी ट्रकमधून वाशीला निघालेली असते. पुन्हा फोटो काढणे शक्य नसते.

स्वतंत्र अ‍ॅपमध्ये साठा अ‍ॅपच्या स्वतःच्या जागेत राहतो, म्हणून ब्राउझर साफ केल्याने तो जात नाही. ब्लूटूथच्या वजनकाट्याशी थेट जोडणी करायची झाल्यासही अ‍ॅप अधिक भरवशाचे ठरेल, कारण वेब ब्लूटूथ सफारीत चालत नाही आणि क्रोममध्येही ते केवळ लो एनर्जी (कमी वीज वापरणाऱ्या ब्लूटूथ) प्रकारच्या उपकरणांशी बोलते. मात्र बॅटरी वाचवण्यासाठी काही कंपन्यांचे फोन पार्श्वभूमीत चालणारी अ‍ॅपसुद्धा बंद करतात, तेव्हा आपोआप पाठवणीची हमी तेथेही पूर्ण नाही.

अ‍ॅपचा व्यापही विचारात घ्यावा लागतो. गूगल प्लेची नोंदणी एकदाच पंचवीस डॉलर भरून होते, तर अ‍ॅपल दर वर्षी नव्व्याण्णव डॉलर घेते. नव्या वैयक्तिक प्ले खात्याला आधी ठरावीक परीक्षकांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. शिवाय अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीप्रमाणे अ‍ॅप दर वर्षी अद्ययावत करावे लागते. सर्वांत अडचणीची गोष्ट म्हणजे ऐन एप्रिलमध्ये एखादी चूक सापडली, तर दुरुस्ती स्टोअरमधून प्रत्येकाच्या फोनवर पोहोचेपर्यंत हंगामातले मोलाचे दिवस जातील, कारण अनेकांच्या फोनवर अ‍ॅप केवळ वायफायवर अद्ययावत होतात आणि वाडीत वायफाय असलेली घरे थोडी आहेत. वेबवर दुरुस्ती पुढच्या वेळी उघडताच पोहोचते. फक्त जुनी आवृत्ती उघडी असेपर्यंत नवी लागू होत नाही, एवढे सांभाळावे लागते.

मधला मार्ग म्हणून दोन पर्याय दिसतात. ट्रस्टेड वेब अ‍ॅक्टिव्हिटी या अँड्रॉइडवरील सोयीने तेच वेब अ‍ॅप प्ले स्टोअरवर ठेवता येते, पण त्याचा साठा क्रोमचाच असल्यामुळे माझी मुख्य अडचण सुटत नाही. दुसरा पर्याय कपॅसिटर या साधनाचा आहे. त्यात माझा एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टचा कोड अ‍ॅपच्या आवरणात चालतो आणि नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये, फोटो अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवता येतात. सध्या माझा कल असा आहे : ग्राहकांसाठी साधे संकेतस्थळ, बागायतदारांपैकी अँड्रॉइडवाल्यांसाठी कपॅसिटरचे अ‍ॅप आणि आयफोनवाल्यांसाठी होम स्क्रीनवर आणलेले तेच वेब अ‍ॅप. फ्लटर हे अ‍ॅप बनवण्याचे वेगळे साधन नव्याने शिकून सगळे पुन्हा लिहिण्याइतका वेळ हाताशी नाही.

यावर माझे काही नेमके प्रश्न आहेत. कमी मेमरीच्या, जुन्या वेबव्ह्यूच्या (अ‍ॅपमध्ये वेबपाने दाखवणाऱ्या घटकाच्या) फोनवर कपॅसिटरचे अ‍ॅप कॅमेरा उघडून परत येताना बंद पडते का, आणि पडत असल्यास अर्धवट भरलेली नोंद वाचवण्याची खात्रीची पद्धत कोणती? जागा भरलेल्या अँड्रॉइड फोनवर इंडेक्स्डडीबीतील साठा क्रोमने खरोखर काढून टाकल्याचा अनुभव कोणाला आला आहे का, की हा धोका मी प्रमाणाबाहेर मोठा मानतो आहे? तो प्रत्यक्षात क्वचितच घडत असेल, तर अ‍ॅपचा सगळा व्याप टाळून मी आनंदाने वेबवरच थांबेन. न पाठवलेल्या नोंदींची संख्या पडद्यावर ठळक लाल आकड्यात दाखवणे आणि ती शून्य झाल्याशिवाय पेट्या ट्रकमध्ये चढवायच्या नाहीत असा नियम बागायतदारांशी बोलून ठरवणे, हा उपाय पुरेसा ठरेल का?

हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरावरील मासळीच्या नोंदी, काजू बीची खरेदी किंवा दूध संकलन अशा रेंज नसलेल्या ठिकाणच्या कामासाठी ज्यांनी वेब किंवा अ‍ॅप प्रत्यक्ष चालवले आहे, त्यांनी कोणता मार्ग निवडला आणि पहिल्या हंगामानंतर त्यात काय बदलावे लागले, हे सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन. वजनकाट्याची जोडणी पहिल्या वर्षी सोडून द्यावी, असे कोणाचे मत असेल तर तेही कारणांसह अवश्य सांगावे.