डेसोलेशन: ओसाड, भकास की बेचिराख?

भाचीने चांद्रमोहिमेवरचा एक लेख मराठीत आणायला घेतलाय, आणि ती दोन शब्दांवर अडलीय. जुलै १९६९मध्ये आर्मस्ट्राँगपाठोपाठ शिडी उतरून बझ ऑल्ड्रिनने भोवताली पाहिलं आणि म्हटलं, 'मॅग्निफिसंट डेसोलेशन'. तिने लिहिलं होतं 'भव्य विनाश'. हे मात्र चुकलं. चंद्रावर कशाचाच विनाश झालेला नव्हता.

डेसोलेशनच्या पोटात लॅटिन 'सोलस' आहे, म्हणजे एकटा. मूळ क्रियापदाचा अर्थ एकटं टाकून जाणं. म्हणून हा शब्द जागेला लागतो तसाच माणसालाही. नवरा गेल्यावर बाई 'डेसोलेट' झाली, असं इंग्रजीत सहज म्हणतात. तिथे 'ओसाड' चालणार नाही. मी 'पोरकी झाली' म्हणेन.

जागेसाठी आपल्याकडे शब्द भरपूर आहेत, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'ओसाड' म्हणजे जिथे वस्ती होती आणि उठून गेली. म्हणून तर 'ओसाड गावची पाटीलकी'. 'उजाड'मध्ये झाडझाडोरा नसणं आधी दिसतं. आणि 'भकास' बघणाऱ्याच्या मनातून येतो. विसर्जनाहून परत आल्यावर पाट रिकामा, त्यावर दोन-चार अक्षता, कोमेजलेली दुर्वांची जुडी, माळेचे दिवे मात्र अजून लुकलुकतायत. घर माणसांनी भरलेलं असतं, तरी मखर भकास दिसतं. तिथे ओसाड म्हणून बघा, जमणारच नाही.

माझा सगळ्यात जवळचा शब्द 'बेचिराख'. आज आपण तो जळून खाक या अर्थाने वापरतो. हिरोशिमा बेचिराख झालं, असं दर ऑगस्टमध्ये वाचतो. त्यातली 'राख' आपल्या कानांनी ऐकलेली आहे. मूळ फारसी 'बे-चिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. महसुली दप्तरात हा अर्थ अजून जिवंत आहे. बेचिराख गाव म्हणजे नकाशावर शीव आहे, गावाच्या नावाने सातबारा निघतो, शेतं कसली जातात, पण राहायला कुणी नाही. विदर्भात अशा गावाला 'रिठी' म्हणतात. जाळपोळ व्हायलाच हवी असं नाही. दिवेलागणीला एकही दिवा लागला नाही की गाव बेचिराख. डेसोलेशनच्या इतकं जवळ जाणारा दुसरा शब्द मला माहीत नाही, आणि तो राखेत हरवला याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण चंद्रावर कधी दिवा लागलाच नव्हता, त्यामुळे तिथे ना बेचिराख ना ओसाड. मी भाचीला 'वैराण' सुचवलाय: 'केवढं भव्य, केवढं वैराण!' विशेषणावर भागवलं, कारण 'वैराणपणा' जिभेवर बसत नाही. याहून बरं नाम कुणाकडे असेल तर जरूर सांगा, लेख अजून तिच्या हातातच आहे.