अनुभव धागा: कोविड गेला, मागे काय राहिलं?

एप्रिल २०२१. सीटी स्कोअर ४, ऑक्सिजन कधी ९५च्या खाली नाही, पंधरवडा खोलीत आणि मग मोकळी. ऑगस्टमध्ये ऑनलाइन वर्ग घेताना ‘परिमिती’ हा शब्दच आठवेना. एका मुलीने चॅटमध्ये लिहून दिला. गणित शिकवते हो मी! बी-१२, थायरॉइड, एमआरआय, सगळं नॉर्मल. घरचे म्हणाले, आळस चढलाय.

‘लाँग कोविड’ हे नाव रुग्णांनीच रूढ केलं. मे २०२० मध्ये इटलीच्या एलिसा पेरेगो यांनी स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहिताना ते ट्विटरवर वापरलं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ची: लागणीनंतर साधारण ३ महिन्यांनी दिसणारी, किमान २ महिने टिकणारी, दुसरं कारण न सापडणारी लक्षणं.

तुमचं लिहा. पूर्ण बरे झालात तरी लिहा. काढे मात्र नकोत.

सांगली
आधी वास गेला. दोन महिन्यांनी आला तो उलटा. कांदा परतला की रबर जळाल्यासारखं, कॉफीला तर गटाराचा वास. सहा महिने दहीभातावर काढले. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, रोज दोनदा हुंगायला सांगितलं होतं. दीड वर्षाने कांदा माणसात आला. मोगरा अजून काहीच बोलत नाही.

नाशिक
दर रविवारी गडावर जाणारा मी. आता मजा अशी, की काम करतो त्या दिवशी काही होत नाही. तिसऱ्या दिवशी दात घासायला हात उचलत नाही. ‘ताकद कमी झालीये, जिम लावा’ असा सल्ला मिळाला. लावली, आणि तीन आठवडे अंथरुणात. शेवटी एका डॉक्टरबाईने आडवं झोपवून, मग उभं करून नाडी मोजली: ७२ची ११५. उभं राहिल्यावर १० मिनिटांत ३० किंवा त्याहून जास्त ठोके वाढत असतील आणि त्रास महिनोन्‌महिने असेल, तर पॉट्सचा (उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा विकार) विचार करतात. पाणी-मीठ वाढवलं, पायात घट्ट मोजे. अंघोळ स्टुलावर बसून. दमायच्या आधीच थांबायचं, हे शिकायला वर्ष गेलं.

ठाणे
केस. तिसऱ्या महिन्यात मूठमूठ. वर्षभरात परत आले. बाकी ठणठणीत.

डोंबिवली
यांना स्टेरॉइड द्यावे लागले, त्यानेच जीव वाचला, तक्रार नाही. आठ महिन्यांनी जांघेत दुखू लागलं, मांडी घालता येईना. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच तुटला होता.

(काटेकोर पाहिलं तर हा औषधाचा परिणाम, लाँग कोविड नव्हे. पण ताई, राहू द्या इथेच. जांघेतलं दुखणं कुणी अंगावर काढू नये.)

कोल्हापूर
नाशिकच्या भावांचं वाचून आत्ताच हिची नाडी मोजली. आडवी असताना ७८, उभी राहिल्यावर पाचव्या मिनिटाला १२१. दोन वर्षं मी हिला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणतोय. कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं, हृदयाच्या की मेंदूच्या?