अनुभव धागा : अंगावर पुरळ नेमकं कशाचं?

खान्देशात कुठलीही खाज सुटली की दुकानातून एकच ट्यूब घरी येते. म्हणून हा धागा. स्वतःची कहाणी नको. पुरळ कुठे उठतं, कशानं उठतं आणि कशानं बसतं, तेवढं लिहा.

चोपडा, शेती
गाजर गवत, म्हणजे काँग्रेस. निंदणीनंतर पापण्या, मान, कानामागं आणि कोपराच्या घडीत खाज सुटून कातडी जाड, काळपट होते. लोक म्हणतात ऊन लागलं. पण हनुवटीखाली आणि कानामागं ऊन सहसा पोचत नाही. गवताचा उडता भुगा पोचतो. फरक तिथंच कळतो. हे गवत वाळलं तरी त्यातलं खाज आणणारं द्रव्य, पार्थेनिन, जात नाही, तेव्हा बांधावरच्या वाळल्या ढिगालाही उघडा हात लावू नका. फुलोऱ्याआधी, पाऊस पडून जमीन ओली असताना, रबरी हातमोजे घालून मुळासकट उपटा. घरी आल्याबरोबर आंघोळ, कामाचे कपडे वेगळे. धुतलेले कपडे बांधाकडेच्या तारेवर वाळत घालू नका. ज्यांना ही ॲलर्जी आहे त्यांना शेवंतीही सोसत नाही कधीकधी.

जळगाव, औषध दुकान
भाऊ, त्या एकाच ट्यूबबद्दल. नायट्याचं चकंदळ कडेनं लाल, मध्ये निवळलेलं असतं. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन (दोन्ही स्टेरॉइड) असलेलं मलम लावलं की दोन दिवसांत लाली आणि खाज जाते, गिऱ्हाईक खूश. नायट्याची बुरशी मात्र जिवंत असते आणि आतून पसरते. मग कडा पुसट होतात आणि नायटा ओळखूच येत नाही. जांघेत तर कातडीवर कायमचे चट्टे पडतात. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बुरशी मारणारं साधं क्लोट्रिमाझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, कडेच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावा. डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. सगळे इथंच चुकतात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावलं असेल तर बंद केल्यावर भडका उडतो. तेव्हा त्वचातज्ज्ञ गाठा.

यावल, आरोग्यसेविका
खरूज रात्री जास्त खाजते. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती बघा. तान्ह्या बाळांच्या तळहात-तळपायांवरही फोड येतात. परमेथ्रिन ५ टक्के मलम मानेखाली सगळीकडे, नखांखालीसुद्धा, रात्री लावून ८ ते १२ तासांनी धुवायचं. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची ट्यूब लागते. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीही. ७ दिवसांनी पुन्हा. दोन महिन्यांखालचं बाळ आणि गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टर. गोधडी धुणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. खरजेचे किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते, म्हणून रोज मलम थापू नका.

भुसावळ
घामोळं : पावडरचा थर आणि खोबरेल दोन्ही बंद. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा कोंडते आणि घाम वाळतच नाही.

शहादा, दवाखान्यातली परिचारिका
पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली झोपणाऱ्यांच्या अंगावर सकाळी चटका लागल्यासारखी लाल रेघ दिसते. घरचे म्हणतात नागीण. बहुतेकदा तो काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट किडा चिरडल्याचा डाग असतो. किडा फुंकून उडवा. चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा आणि ते बोट डोळ्याला लावू नका. नागीण वेगळी. आधी दोन-तीन दिवस ठणका, मग शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोडांचे झुबके. दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, हे खोटं. ती एका नसेच्या पट्ट्यात येते, पलीकडे सहसा जात नाही. गेरू लावण्यात दिवस घालवू नका. नागिणीच्या विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.