मदत हवी आहे: लेकीचा संधिवात, 'स्टडी'च्या कागदावर सही करू का?

गोदाकाठ
पटकन सांगा कोणीतरी. लेकीच्या गुडघ्याला सूज आहे, डॉक्टर म्हणतात लहान मुलांचा संधिवात. आता स्टडीत नाव घालायचंय म्हणून जाडजूड कागद हातात दिलाय, सोमवारी सही करून आणा म्हणाले. सासरे म्हणतात पोरीवर प्रयोग करतील. सही करू की नको? "तुमचं तुम्ही ठरवा" असलं कृपया लिहू नका.

कडूकारलं
लेक केवढी? सूज कधीपासून? एकच गुडघा की दोन्ही? स्टडी कसली? काहीच न सांगता काय सांगणार?

खडूस_काका
संधिवात म्हाताऱ्यांना होतो. आमच्या धाकट्या भावाचे सांधे असेच सुजले होते. रक्तात एएसओ (घशाच्या इन्फेक्शनची खूण) वाढलेला निघाला, दर 21 दिवसांनी पेनिसिलिन. आज ठणठणीत आहे. आधी एएसओ करा, कागद फेकून द्या.

रानजाई
काका, तो रूमॅटिक फीव्हर. घशाचं इन्फेक्शन होऊन गेलं की दोनतीन आठवड्यांनी येतो, दुखणं या सांध्यातून त्या सांध्यात पळतं, खरा धोका हृदयाच्या झडपांना. हा जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात असेल: सोळाव्या वर्षाआधी सुरू होतो, सूज सहा आठवडे तरी हटत नाही, दुसरं कारण सापडत नाही. नुसता एएसओ वाढला म्हणून पेनिसिलिन टोचून घेत बसलेली पोरं पाहिली आहेत मी.

खडूस_काका
आपण डॉक्टर का?

रानजाई
नाही. जेआयएवाल्या मुलाची आई. दर शनिवारी मेथोट्रेक्सेट (सांध्यांची सूज आवरणारं औषध), आठवड्यातून एकदाच, रोज नाही. रविवारी मळमळ, त्यामुळे आमच्याकडे रविवारी पाहुणे नकोत.

गोदाकाठ
साडेतीन वर्षांची. डावा गुडघा, दिवाळीपासून. सकाळी पाय ओढते आणि अकरापर्यंत पळायला लागते, म्हणून आधी आम्हाला शाळेची नाटकंच वाटली. उपचार चालू आहेत हो, मी स्टडीचं विचारतेय!

निसर्गमित्र
गहू, दही, आंबट बंद. सुंठ-एरंडेल सुरू करा. आमच्या गावाकडे एकजण पुडी देतात, चार दिवसांत सूज गायब.

कडूकारलं
चार दिवसांत गायब म्हणजे पुडीत स्टेरॉइड असायची दाट शक्यता. साडेतीन वर्षांच्या पोरीला असलं काही सुचवू नका.

सुगरण_नागपूर
अवांतर: सासूबाईंचे गुडघे जिने चढताना फार दुखतात, नी कॅप कुठली घ्यावी?

स्वल्पविराम
वेगळा धागा काढा की. @गोदाकाठ, नवं औषध देणार आहेत, की नुसती माहिती आणि रक्त? दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

गोदाकाठ
औषध नाही. दर भेटीची नोंद, आणि नेहमीच्या तपासणीला रक्त घेतील तेव्हा 3 मिली जास्त. कोणाच्या डोळ्यांत सूज येते ते शोधायचंय म्हणे. तिची एएनए नावाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आहे. पण डोळ्यांचं काय मधेच? तिला छान दिसतं.

रानजाई
सही राहू द्या बाजूला, डोळे तपासले का? लहान वय, मोजकेच सांधे, एएनए पॉझिटिव्ह: युव्हिआयटिसचा (डोळ्याच्या आतल्या सुजेचा) धोका नेमका याच मुलांना जास्त. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्प नावाच्या सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी वारी असते. उद्याच वेळ घ्या.

स्वल्पविराम
+१. आणि सासऱ्यांना सांगा, याच डोळ्यांसाठी ब्रिटनमध्ये सिकॅमोर नावाची चाचणी झाली, निकाल 2017 मध्ये आले. मेथोट्रेक्सेट चालू असूनही सूज न हटलेली 90 मुलं. अडालिमुमॅब (सूज रोखणारं इंजेक्शन) मिळालेल्या 60 पैकी 16 जणांत उपचार फसले, खोटं इंजेक्शन मिळालेल्या 30 पैकी 18 जणांत. फरक इतका उघड की चाचणी मुदतीआधी थांबवली. गंभीर दुष्परिणामही औषधवाल्यांत जास्त होते, तेही मोजूनच कळलं.

खडूस_काका
ब्रिटनचं कौतुक पुरे. आपली पोरं कशाला गिनिपिग?

स्वल्पविराम
अहो, आपल्याकडच्या नोंदींत टाच-कंबर धरणारा, मोठ्या मुलग्यांचा प्रकार बराच जास्त दिसतो. युरोपात या लेकीसारख्या छोट्या मुली जास्त. इथली पोरं मोजलीच नाहीत तर तिकडचेच आकडे वापरत बसायचं का? औषधाची चाचणी असती तर मीही आधी सीटीआरआयचा (औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागितला असता. इथे एवढंच बघा: एथिक्स कमिटीचा (संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा) फोन दिलाय का, मधेच बाहेर पडलात तरी उपचार तसेच चालू राहतील असं लिहिलंय का, रक्त किती वर्षं ठेवणार, जनुकं तपासणार का.

गोदाकाठ
डोळ्यांची वेळ मिळाली, बुधवारची. आधी कोणी बोललंच नव्हतं! कागदात फोन आहे, बाहेर पडता येतं. पण पान 9 वर "नमुने इतर संस्थांना देता येतील", पुढे होय/नाही असे चौकोन. "नाही" केलं तर स्टडीतूनच काढतील का?

स्वल्पविराम
चौकोन दिलेत म्हणजे "नाही" म्हणायची सोय आहे. तिथे "नाही", बाकीला "होय", असं चालायला हवं. सही करायच्या आधी विचारून घ्या.

रानजाई
आणि सही केलेल्या कागदाची एक प्रत मागून घ्या, ती द्यावीच लागते. बुधवारी डोळ्यात थेंब घालतील, काही तास तिला उजेड सोसणार नाही. टोपी न्या.