ऑटो-पे रद्द केलं, तरी नॅच (बँक खात्यातून आपोआप होणारी वसुली) लागून बाऊन्स झालं. वर लेट फी आणि व्याज. काय काय परत मागता येईल?

सराफा_गल्ली (इंदूर)

क्रेडिट कार्ड एका बँकेचं, बचत खातं दुसऱ्या बँकेचं (शाखा सियागंज). बिल १२ जूनचं, ३४,२०० रुपये, भरायची शेवटची तारीख २ जुलै. ऑटो-पे ‘पूर्ण बिल’वर लावलेलं होतं. २६ जूनला कार्डाच्या ॲपमधून ते बंद केलं. ‘ऑटो-पे रद्द’ असा एसएमएस विनंती क्रमांकासह आला. तरीही २ जुलैला सकाळी नॅच लागलं. खात्यात ९,००० होते, त्यामुळे ते परत गेलं. त्या दिवशी कार्डाच्या ॲपमध्ये मात्र बाकी शून्य दिसत होती, म्हणून वेगळे पैसे भरले नाहीत. ३ तारखेला रात्री जमा उलटवली गेली. ४ ला सकाळी भारत कनेक्टवरून (बिलं भरायची यंत्रणा) पूर्ण ३४,२०० भरले.

१२ जुलैच्या बिलात पेमेंट रिटर्न चार्ज ६८४, लेट फी ७५०, व्याज १,३७७ आणि या तिन्हींवर जीएसटी ५०५.९८ लागला. बचत खात्यातून ५९० वेगळे कापले. सगळं मिळून ३,९०६.९८. कस्टमर केअर म्हणतं, ‘लेट फी अर्धी माफ करतो, बाकीचं नियमाप्रमाणे आहे.’ हो म्हणावं का? आणि तक्रार दोनपैकी कोणत्या बँकेवर करायची?

हिशेबनीस

हो म्हणू नका. फोनवर ‘ठीक आहे’ म्हटलंत की तक्रार ‘ग्राहक समाधानी’ शेरा मारून बंद होते आणि मग पुढच्या पायरीवर तेच रेकॉर्डिंग तुमच्याविरुद्ध येतं.

३,९०६.९८ असा एकच आकडा घेऊन भांडू नका. चारही आकारांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे उत्तरंही वेगळी.

लेट फी सगळ्यात सोपी. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट व डेबिट कार्डांबाबतचे निर्देश मूळ २१ एप्रिल २०२२ चे, १ जुलै २०२२ पासून लागू झालेले. त्यांत स्पष्ट आहे की थकबाकी ३ दिवसांपेक्षा जास्त राहिली तरच लेट फी लावता येते आणि तरच क्रेडिट ब्युरोला (कर्जफेडीची नोंद ठेवणारी संस्था) थकबाकी कळवता येते. तुमची तारीख २ जुलै, भरणा ४ ला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. मँडेटचा (खात्यातून पैसे कापायच्या परवानगीचा) सगळा घोळ बाजूला ठेवला तरी हे ७५० लागत नाहीत. जे लावताच येत नाही ते अर्धं माफ करणं ही मेहेरबानी कसली?

रिटर्न चार्ज ६८४, म्हणजे बिलाचे बरोबर २ टक्के. तो ‘ग्राहकाचं पेमेंट परत आलं’ म्हणून लावला आहे. पण रद्द केलेल्या सूचनेवर नॅच पाठवलं बँकेनं, तुम्ही नाही. इथे सगळी भिस्त २६ जूनच्या एसएमएसवर. त्यातले शब्द नीट वाचा. ‘रद्द झालं’ असेल तर प्रश्नच नाही. ‘विनंती स्वीकारली, ७ कामकाजाचे दिवस’ किंवा ‘पुढील बिलापासून लागू’ असं असेल तर बँक त्याच ओळीवर बोट ठेवेल, कारण वसुलीची फाईल बऱ्याच बँकांत शेवटच्या तारखेच्या काही दिवस आधीच तयार होते.

व्याज हा अवघड भाग. तीन दिवसांची सवलत लेट फीसाठी आहे, व्याजासाठी नाही. पूर्ण बिल तारखेच्या आत भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून व्याज धरलं जातं. दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर असेल तर ३४,२०० वर सरासरी ३५ दिवसांचं व्याज सुमारे १,३७७ येतं, म्हणजे त्यांचं गणित बरोबर आहे. तेव्हा ‘व्याज चुकीचं मोजलं’ असं लिहू नका. मुद्दा कारणाचा मांडा: बँकेनं रद्द मँडेटवर नॅच लावलं, पैसे हाती येण्याआधीच कार्डावर जमा दाखवली, बाकी शून्य दिसली, म्हणून २ तारखेचा भरणा राहिला. नॅच लावलंच नसतं तर बाकी दिसली असती आणि उशीरही झाला नसता.

जीएसटी स्वतंत्र ओळीत मागा. मूळ आकार परत करून १८ टक्के तसेच ठेवायची खोड बऱ्याच ठिकाणी आहे. बँक क्रेडिट नोट काढून तो परत करू शकते. लेट फीचे १३५, रिटर्न चार्जचे १२३.१२, व्याजाचे २४७.८६.

पलासिया_पूर्व

५९० बद्दल. बचत खात्याच्या बँकेशी भांडण्यात अर्थ नाही. तिच्याकडे मँडेट जिवंत होतं, मागणी आली, शिल्लक कमी होती, तिनं परत पाठवलं. ५०० अधिक जीएसटी ९० हा तिच्या दरपत्रकातला आकार असणार. हे ५९० कार्डाच्या बँकेकडून नुकसानभरपाई म्हणून मागायचे. त्यासाठी सियागंज शाखेतून नॅच रिटर्नचं कारण आणि यूएमआरएन (मँडेटचा २० अक्षरी क्रमांक) छापील घ्या. कारण ‘अपुरी शिल्लक’ असंच येईल, घाबरू नका. मँडेट त्या दिवशी चालू होतं आणि ते कार्डाच्या बँकेनंच वापरलं, एवढं त्यातून सिद्ध होतं.

शाखेत गेलाच आहात तर त्याच यूएमआरएनवर मँडेट तिथेही रद्द करा. ॲपमधलं ऑटो-पे आणि बचत बँकेत नोंदलेलं मँडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त बचत बँकेत रद्द केलं तर कार्डाची बँक दर महिन्याला मागणी पाठवत राहते, ती परत येते आणि रिटर्न चार्ज पुन्हा लागतो. फक्त ॲपमध्ये रद्द केलं तर काय होतं ते वर दिसतंच आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शाखा बंद असते, पण नॅच १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारीही चालतं. सुट्टीच्या भरवशावर राहू नका.

नियमावली_वाचक

आणखी एक मुद्दा जोडा: वसुलीच्या २४ तास आधी सूचना द्यावी लागते. ती आली नसेल तर तिथेच केस जिंकलात.

हिशेबनीस

हा मुद्दा इथे लागू नाही. २४ तास आधीची सूचना कार्ड, वॉलेट आणि यूपीआयवरच्या ई-मँडेटसाठी आहे, जिथे ओटीपीशिवाय सर्वसाधारणपणे १५,००० पर्यंत आणि कार्डाच्या बिलासाठी १ लाखापर्यंत पैसे जातात. यांचं बँक खात्यावरचं नॅच आहे. तक्रारीत एक चुकीचा नियम घातला की बँक त्या एकालाच उत्तर देते आणि बाकीचं गिळून टाकते.

पलासिया_पूर्व

तोवर बिलाचं काय करायचं हेही सांगायला हवं. कार्डाच्या बिलातले वादातले ३,३१६.९८ (५९० सोडून) अडकवून ठेवावेत असं काही जण म्हणतात.

हिशेबनीस

एवढ्या रकमेसाठी नको. पूर्ण बिल भरलं नाही तर नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते आणि मूळ वाद नव्या व्याजाखाली पुरला जातो. पूर्ण भरा आणि त्याच दिवशी ईमेल करा: ‘हरकत कायम ठेवून भरत आहे.’ लाखभराचा वाद असता तर वेगळा विचार केला असता.

तक्रार फोनवर नको, बँकेच्या तक्रार निवारण ईमेलवर. मजकूर एवढाच:

‘२६ जून रोजी ऑटो-पे रद्द (विनंती क्र. …). २ जुलै रोजी त्याच मँडेटवर (यूएमआरएन …) नॅच लावलं व कार्डावर ३४,२०० जमा दाखवले. ३ जुलै रोजी जमा उलटवली. ४ जुलै रोजी पूर्ण भरणा (व्यवहार क्र. …). लेट फी ७५०, रिटर्न चार्ज ६८४, व्याज १,३७७, जीएसटी ५०५.९८ परत करावेत व दुसऱ्या बँकेने कापलेले ५९० भरून द्यावेत. २६ जूनच्या विनंतीनंतर मँडेट का वापरलं, त्याचं लेखी उत्तर द्यावं.’

उत्तरासाठी बँकेला ३० दिवस. ते पहिल्या लेखी तक्रारीपासून मोजायचे. नोडल अधिकाऱ्याकडे (बँकेतला वरचा तक्रार अधिकारी) गेलात म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवरून (तिचं तक्रारीचं संकेतस्थळ) जा, तेही लगेच. फी नाही, आणि वकिलामार्फत तक्रार चालत नाही. १४४४८ वर मराठीतही माहिती मिळते. तिथे ‘आकार फार जास्त आहेत’ असं लिहिलंत तर तो बँकेचा व्यावसायिक निर्णय ठरून तक्रार बाद होऊ शकते. ‘रद्द सूचनेवर वसुली, सेवेतील त्रुटी’ असं लिहा.

ग्राहक आयोगात आधी जाऊ नका. ५ लाखांपर्यंत तिथेही फी लागत नाही हे खरं, पण तिथे प्रकरण चालू असेल तर लोकपाल तीच तक्रार घेत नाही.

सराफा_गल्ली (इंदूर)

एसएमएसमध्ये ‘रद्द करण्यात आलं आहे’ असेच शब्द आहेत. पण २ जुलैच्या शून्य बाकीचा स्क्रीनशॉट काढलेला नाही. अडेल का?

पलासिया_पूर्व

१२ जुलैचं बिल उघडा. २ ला ३४,२०० जमा आणि ३ ला तेवढेच नावे, अशा दोन ओळी त्यात असतील. ते पान जोडा. बँकेचाच कागद आहे, स्क्रीनशॉटपेक्षा भारी. आणि वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट ऑगस्टमध्ये काढा. जुलैच्या नोंदीत थकबाकी दिसली तर तिची तक्रार वेगळी करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये मिळतात.